विचारलं तेवढंच

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलबाई ती पायरी नेमाने चढायच्या, आणि तीही फुकट, याचा त्यांच्या नणंदेला फार राग. जन्मभर जागांची खरेदीखतं करून बाईने चांगलं नाव कमावलं, आता गुडघे धरून घरी बसावं की नाही, तर ही लोकांच्या पोरांचे ताबे आणि पोटग्या अंगावर घेऊन हिंडते, असं ती येईल त्याला ऐकवायची. वकीलबाई समोर बसून ऐकून घ्यायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. नणंदेने काही विचारलेलंच नसायचं, मग उत्तर कशाला द्यायचं?

कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, त्यांची खोली होती. खोली म्हणायची आपली पद्धत. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकायचे. मग कुणाच्या तरी मनात आलं की ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी फुकट काम करणारे वकील कुठेतरी बसवायला हवेत, तेव्हा खुर्च्या हलवल्या आणि वकील आणले. नाव नोंदवलेले वकील पुष्कळ, फिरकणारे थोडे, आणि नेमाने बसणाऱ्या या एकट्या. वर कुणी जिना चढलं की छतातून धूळ पडायची, आणि बाई बोलता बोलता तळहाताने टेबल पुसायच्या. दाराबाहेर एक लांब बाक होता. त्या बाकावर बायका तर रडायच्याच, पुरुषही रडायचे, फक्त ते भिंतीकडे तोंड करून.

आलेल्या माणसाला बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं. डोळे पुसा, म्हणायच्या. मग नियम सांगायच्या. वर गेल्यावर रडायचं नाही. विचारलं तेवढंच बोलायचं. बघायचं ते न्यायाधीशांकडे. नवऱ्याकडे नाही, सासूकडे नाही, पोराकडे तर नाहीच नाही.

हे नियम काही आभाळातून पडले नव्हते. बाई या कामात नवीन असताना एक शिवणकाम करणारी त्यांच्याकडे आली होती. साक्ष देताना तिने असा हंबरडा फोडला की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला. समोरचे वकील शांतपणे उठले आणि म्हणाले, बाईंची मनःस्थिती न्यायालय पाहतच आहे, यापेक्षा जास्त मी काय सांगू. झालं. मुलगा बापाकडे गेला. त्या दिवशी वकीलबाई घरी जाऊन न जेवता झोपल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या बाकावर तालीम सुरू झाली. त्या स्वतःच न्यायाधीश व्हायच्या, स्वतःच समोरचे वकील व्हायच्या, आणि नको नको ते विचारायच्या. समोरचीचा आवाज जरा ओला झाला की हात वर करायच्या. पुन्हा. पुन्हा पहिल्यापासून. या तालमीने कितीतरी जणींना तारलं, हेही सांगितलं पाहिजे. उगाच बाईंना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्याला कोरडं करता करता माणूस स्वतः ओलं कसं राहणार? हळूहळू बाईंना बाकावरचं रडणं ऐकूच येईनासं झालं. एखादी सांगायची, नवऱ्याने पोरासमोर डोक्यात तवा घातला. बाई विचारायच्या, तारीख? शिपाई मंडळी त्यांना पाठीमागे 'फरशी' म्हणायची. थंड, स्वच्छ, आणि वर काय सांडलं त्याच्याशी देणंघेणं नाही. बाईंना हे नाव ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

घरी त्यांचे यजमान होते, निवृत्त गणिताचे मास्तर, थट्टेखोर गृहस्थ. आमच्याकडे जेवताना मीठ हवं असलं तरी रीतसर अर्ज करावा लागतो, असं पाहुण्यांना सांगायचे. एकुलती एक मुलगी दूर नोकरीला. तिचा रविवारी फोन यायचा. वकीलबाईंनी उचलला तर पोरगी तब्येत विचारायची, बाई बरी आहे म्हणायच्या, आणि मग पोरगी म्हणायची, बाबांना दे. बाई द्यायच्या. पलीकडच्या खोलीत मास्तर मोठमोठ्याने हसत बोलत राहायचे आणि बाई भाजी निवडत बसायच्या.

तर अशा बाईंकडे एक दिवस इस्त्रीवाली आली.

बाजारामागच्या धुलाईच्या दुकानात ती इस्त्री करायची. हातावर जुन्या भाजल्याचे डाग, बोलणं कमी, मान खाली. नवरा टेम्पो चालवायचा. मारायला लागला तेव्हा ती बहिणीकडे निघून गेली. सहा वर्षांच्या ठकूला बरोबर नेत होती, तर सासू म्हणाली, तुझंच राहायचं ठिकाण नाही, पोरीला कुठे फरफटवतेस, तुझं बस्तान बसलं की घेऊन जा. हिला ते पटलं. नाकासमोर चालणारी माणसं अशीच फसतात. दुकानामागे हिने खोली घेतली, पोरीसाठी खिडकीपाशी खाट टाकली आणि आणायला गेली, तेव्हा दार आतून लावलेलं होतं. ठकूचा आवाज येत होता, ठकू येत नव्हती. आता तिला मुलगी हवी होती. पोटगी नको, नवऱ्याला शिक्षा नको, काही म्हणजे काही नको.

वकीलबाईंनी अर्ज केला, आणि निकाल लागेपर्यंत दर शनिवारी न्यायालयाच्याच मुलांच्या खोलीत आईने मुलीला भेटावं असा हुकूम मिळवला. मग तालीम घेतली. एवढ्या वर्षांत इतकी चांगली विद्यार्थिनी त्यांना मिळाली नव्हती. सांगितलं ते एकदाच सांगावं लागायचं. समोरच्या वकिलाचा सगळ्यात घाणेरडा प्रश्न बाईंनी विचारला, रात्री दुकानात कोण कोण येतं गं तुझ्याकडे, तर तिने पापणी न हलवता सांगितलं, दुकान संध्याकाळी बंद होतं. बाई खूश झाल्या. घरी जाऊन मास्तरांना म्हणाल्यासुद्धा, ही केस आपली आहे. मास्तर चकित झाले, कारण त्यांनी काहीच विचारलेलं नव्हतं.

मुलांच्या खोलीत जायच्या आधी बाईंनी तिला आणखी बजावलं. कोपऱ्यात समुपदेशिका बसलेली असते, तिचं सगळीकडे लक्ष असतं. मुलीवर झडप घालायची नाही. लवकरच घरी नेते वगैरे कबूल करायचं नाही. बापाबद्दल, आजीबद्दल बोलायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही. मुलीला घाबरवलंत तर भेट बंद होईल, असंही सांगितलं. इस्त्रीवालीने मान हलवली.

ही खोली पहिल्या मजल्यावर होती. भिंतीवर रंग उडालेला जिराफ, खाली सतरंजी, एक खेळण्यातली चूल आणि चाक निघालेली गाडी. शनिवारी ठकूला आत सोडून सासू बाहेर बसायची. वकीलबाई कधी आत गेल्या नाहीत. वकिलांनी जायचं नसतंच. भेट झाली की त्या जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीवालीला विचारायच्या, सगळं सांगितल्याप्रमाणे झालं ना? झालं, ती म्हणायची. बाई पुढच्या माणसाला बोलवायच्या.

शनिवार येत गेले, जात गेले. मग न्यायाधीश साहेबांनी मुलीला आपल्या दालनात बोलावून तिच्याशी बोलून घेतलं, समुपदेशिकेचंही ऐकलं, आणि तारखेच्या दिवशी दोन्ही वकिलांसमोर जे सांगितलं ते ऐकताना वकीलबाईंचा टेबल पुसायचा हात उगाचच समोरच्या लाकडावर फिरत राहिला.

मुलगी म्हणते, साहेब म्हणाले, की आई खुर्चीवर बसते आणि भिंतीकडे बघते. मी विचारलं तेवढंच बोलते. मी तिला गाडी दाखवली तर छान आहे म्हणाली आणि गप्प बसली. मी तिला आवडत नाही. समुपदेशिकाही तेच सांगत होती. आईच्या वागण्यात काही गैर नाही, पण मुलीची ओढही दिसत नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, ताबा कागदावर मागता येतो, पण बाईंना मूल खरोखर हवंय का, हा प्रश्न मला पडला आहे.

समोरच्या वकिलांनी काही बोलायची गरजच नव्हती. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, आणि इथे न बोलणारी इस्त्रीवाली होती, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते नुसतं हसले.

वकीलबाईंनी मागे वळून पाहिलं. इस्त्रीवाली सरळ बसली होती. हात मांडीवर, नजर न्यायाधीशांकडे. चेहऱ्यावर रेषा नाही. शिकवलं तस्संच.

त्या क्षणी बाईंच्या छातीत काही कळ वगैरे आली असं नाही. फक्त आतून कुणीतरी थंडपणे म्हणालं, ही पोरगी तू घालवलीस. करायला गेलीस एक आणि झालं भलतंच. वर्षानुवर्षं ज्यांना तारलं म्हणतेस, त्यांच्याही घरात असंच काही होऊन बसलं असेल तर? त्या उठल्या.

"साहेब, ती भिंतीकडे बघते कारण मी सांगितलंय. मुलीला जवळ घ्यायचं नाही, रडायचं नाही, जास्त बोलायचं नाही, हे सगळं माझं शिक्षण आहे. तिचा त्यात दोष नाही."

समोरचे वकील ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, हा रडीचा डाव आहे, केस बुडायला लागली म्हणून आता वकीलच गोष्टी रचायला लागले. साहेबांनी त्यांना हातानेच बसवलं. मग चष्मा काढून ते वकीलबाईंकडे वळले.

"हे तुम्ही वकील म्हणून सांगताय की साक्षीदार म्हणून?"

प्रश्न साधा नव्हता. साक्षीदार म्हणून सांगायचं तर त्यांना ही केस सोडावी लागली असती, आणि फुकट लढणारा दुसरा वकील मिळेपर्यंत इस्त्रीवाली उघड्यावर पडली असती. बाईंना हे पाठ होतं. विचारलं तेवढंच, हाही नियम पाठ होता. त्या म्हणाल्या, साहेब, लागलं तर साक्षीदार होते आणि वकीलपत्र सोडते, पण त्याआधी एक भेट आणखी द्या, आणि या वेळी मी तिला काही शिकवणार नाही. हे सांगतानाही आवाज सपाटच. सवय कुठली जाते? साहेबांनी विचार केला आणि एक शनिवार दिला. त्यानंतर निकाल, म्हणाले.

तो शनिवार आला. वकीलबाईंनी इस्त्रीवालीला बाकावर बसवलं आणि सांगितलं, आज मी सांगितलेलं सगळं विसरायचं. मुलीला जवळ घ्या. बोला, हसा. रडू आलं तर रडा.

इस्त्रीवालीने जरा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"येत नाही आता, बाई," ती म्हणाली. "पहिल्या शनिवारी येत होतं. दाबलं. दुसऱ्या शनिवारी पण दाबलं. आता ठकू आत आली ना, की हात आपोआप मांडीवर जातात." आणि मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "कसं घ्यायचं जवळ, ते दाखवता का? तुम्ही दाखवलं की मला जमतं."

तालमीचा बाक तोच, गुरू तीच, शिष्या तीच. वकीलबाई कोट सावरून सरकल्या. त्यांनी एक हात इस्त्रीवालीच्या खांद्यावर ठेवला, दुसरा कुठे ठेवावा ते कळेना, तो पाठीवर नेला, तिथून काढून दंडावर ठेवला. दोघी फळीला फळी टेकवावी तशा टेकल्या. शिपाई फायली घेऊन चालला होता, तो थबकला, आणि हसावं की न हसावं अशा तोंडाने पुढे गेला. वकीलबाई आठवायला लागल्या की यापूर्वी आपण कुणाला असं कधी धरलं होतं. मुलीला नोकरीच्या गावी सोडायला गेल्या होत्या तेव्हा? नाही, तेव्हा सामान उचलायचं होतं. त्यांना आठवेना. त्यांनी हात काढून घेतले.

"मला नाही गं जमत," त्या म्हणाल्या. "तू जा. जाऊन बस नुसती."

या वेळी साहेबांच्या सांगण्यावरून दोन्ही वकिलांना दाराच्या काचेतून बघायची मुभा होती. वकीलबाई काचेपाशी उभ्या राहिल्या. आत इस्त्रीवाली खुर्चीवर बसली होती, पाठ सरळ, हात मांडीवर. ठकू आली. ती समोरच्या छोट्या खुर्चीवर बसली. पाठ सरळ. हात मांडीवर. नजर जिराफावर.

वकीलबाईंना वाटलं, पोर आईची नक्कल करते आहे. पण समुपदेशिकेने विचारलं, ठकू, खेळत नाहीस का आज? तेव्हा पोर म्हणाली, आजीने सांगितलंय, रडायचं नाही, जास्त बोलायचं नाही, आईच्या अंगाला लागायचं नाही, नाहीतर साहेब मला आईकडे राहायला पाठवतील. शेजारी उभ्या असलेल्या समोरच्या वकिलांनी काचेवरून नजर काढली आणि बुटांकडे बघायला लागले. तालीम तिकडेही झाली होती तर.

आत मायलेकी तशाच बसून राहिल्या. इतका वेळ गेला की आता कुणीतरी खोकावं असं वाटायला लागलं. मग इस्त्रीवालीची नजर ठकूच्या फ्रॉककडे गेली. घाईत घातलेला असणार. कॉलरचं एक टोक आत मुडपलेलं होतं. तिने हात पुढे केला, टोक बाहेर काढलं, आणि ते ठकूच्या खांद्यावर ठेवून तळहाताने दाबत, गळ्यापासून टोकापर्यंत, सावकाश सपाट केलं. दिवसभर करते तसं. त्यात माया होती की नुसती कामाची सवय, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ठकू हलली नाही. हात बाजूला झाला तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली आणि कॉलरचं दुसरं टोक स्वतःच्या हाताने मुडपून आत घातलं.

"आता हे," ती म्हणाली.

इस्त्रीवालीने तेही केलं. मग बाहीची चुणी. मग झालरीची. ठकू एकेक जागा चुरगाळून पुढे करत होती आणि आई सरळ करत होती. दोघींपैकी कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. वेळ संपल्याचं सांगायला आलेली बाई दारातच थांबली.

पुढच्या तारखेला समुपदेशिकेकडून त्या शनिवारचं सगळं ऐकून साहेबांनी निकाल दिला. मुलगी बापाकडेच राहील, तिची शाळा तिथे आहे. शनिवार-रविवार मात्र आईच्या घरी, मुक्कामाला. वर्षाने पुन्हा बघू, म्हणाले. वकीलपत्राचा विषय त्यांनी काढला नाही. अर्धंच हाती लागलं होतं, पण त्या जिराफाच्या खोलीतून पोर सुटली होती. खिडकीपाशी टाकलेल्या खाटेवर आता ती झोपणार होती.

इस्त्रीवालीने निकाल न्यायाधीशांकडे बघत ऐकला.

बाहेर आल्यावर दोघी जिना उतरून बाकापाशी आल्या. वकीलबाई म्हणाल्या, आता वर काही राहिलं नाही, आता मोकळी हो. इस्त्रीवालीने मान डोलावली आणि जराशी थांबली, नळ सोडून पाणी यायची वाट बघतो ना आपण, तशी. काही आलं नाही. दुकानात भट्टी पेटलेली असेल, निघते, म्हणाली. चार पावलं गेली आणि परत आली.

"बाई, शनिवारी ठकू येईल. घरी ना, माझ्या." ती नीट उभी राहिली, तालमीला राहायची तशी. "तर तेव्हा काय काय करायचं नाही, ते सांगून ठेवा. मी लक्षात ठेवीन."

वकीलबाईंनी तोंड उघडलं. छतातून धूळ पडली, वर कुणीतरी जिना चढत होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नवी बाई येऊन बसली होती आणि तोंडावर रुमाल धरून रडत होती, आणि कितीतरी दिवसांनी वकीलबाईंना ते ऐकू येत होतं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

इस्त्रीवाली उभीच राहिली. पुढचं सांगतील म्हणून वाट बघत.